वहिनींच्या नावाची झाडं

मुलीचं बाळंतपण आटोपून थोरली घरी परतली, तेव्हा गच्चीवरच्या काचघरात दोन ट्रे भरून अनोळखी झाडं उभी होती.

तिने हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. गावाहून आली की आधी गच्ची आणि मग चहा, हा तिचा शिरस्ता घरात सगळ्यांना पाठ होता. हिवाळ्यात निवडुंगांना पाणी द्यायचं नसतं, म्हणूनच तर ती इतके दिवस लेकीकडे निर्धास्त राहिली होती. काही करू नका, फक्त हात लावू नका, एवढंच तिने जाताना बजावलं होतं.

घर एकच, पण चुली दोन. खालच्या मजल्यावर धाकटा दीर, धाकटी जाऊ आणि सासूबाई. वर थोरली, बहुतेक वेळ एकटीच, कारण थोरला बोटीवर इंजिनिअर होता आणि वर्षातले थोडे महिनेच घरी असायचा. मोडीत निघालेल्या एका जहाजाच्या खिडक्या आणून त्यानेच हे काचघर बांधून दिलं होतं. लोक बायकोला दागिने करतात, मी भंगार केलं, असं तो पाहुण्यांना सांगायचा. थोरली सकाळी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. मेणात दात बसवायचे, घासायचे, वरचा चाव खालच्याशी जुळतो का ते पाहायचं. दुपारनंतर ती गच्चीवर. लॅबमधली बोथट झालेली बारीक हत्यारं, जुने ब्रश, चिमटे, सगळं हळूहळू वर येऊन पडलं होतं.

तिची झाडं पाहायला येणारे नवखे लोक हिरमुसून जायचे. एवढीशीच, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. निवडुंगाची ती जात मुळी वाढतच नाही म्हणावं इतकी हळू वाढते. पेरल्यावर दहा वर्षांनी शर्टाच्या बटणापेक्षा थोडी मोठी झाली तरी खूप. दूर कुठल्याशा उघड्याबोडक्या टेकड्यांवर ती जमिनीत रुतून राहते, वरून पाहिलं तर दगडच. आणि हळू वाढते म्हणूनच लोकांना धीर निघत नाही. कुदळ घेऊन जायचं, आपल्या आजोबांच्याही आधी उगवलेलं झाड उपटायचं आणि कुणाच्या तरी शोभेच्या कपाटात नेऊन ठेवायचं. टेकड्याच्या टेकड्या अशा साफ झाल्या होत्या. थोरलीने पहिल्यापासून एक ठरवलं होतं, की जमिनीतून काढलेलं झाड आपल्या दारात येणार नाही. बी आणायचं, तेही कुणाच्या तरी कुंडीत वाढलेल्या झाडाचं. पेरायचं आणि वाट बघायची. प्रत्येक कुंडीत एक पांढरी पाटी, तिच्यावर पेन्सिलीने पेरल्याचं वर्ष, आईबाप झाडं कुठली, आणि शेवटी एक शब्द, 'बियांपासून'. जास्तीची रोपं ती ओळखीच्या लोकांना द्यायची, त्यासाठी तिने रीतसर परवानाही काढला होता. निवडुंग वाढवणाऱ्यांच्या छोट्याशा जगात तिला सगळे वहिनी म्हणत. वहिनींची पाटी असली की पुढे काही विचारायचं नाही, असं होतं.

त्या अनोळखी झाडांच्या कुंड्यांतही तिच्याच अक्षरातल्या पाट्या खोचलेल्या होत्या.

तिने एक कुंडी उचलून उजेडात धरली. झाड तळहाताएवढं होतं, बुडाशी करडं, जुन्या बुचासारखं. कुंडीत वाढलेलं झाड असं नसतं. ते गोल, नितळ, दृष्ट लागावी असं असतं. ह्याच्या अंगावर उन्हाचे चट्टे होते, कुणीतरी कधीकाळी कुरतडल्याच्या खुणा होत्या आणि एक बाजू चपटी झाली होती. तिने त्या बाजूवरून बोट फिरवलं. खडबडीत ठसा होता, मेणात दातांचा उमटतो तसा. हे झाड कित्येक वर्षं एका दगडाला टेकून वाढलं होतं.

तिने ते कुंडीतून अलगद काढलं. खाली गाजरासारखं जाड मूळ असायला हवं होतं. ते तिरकं छाटलेलं होतं आणि कापाच्या कडेला काळं पडायला लागलं होतं. शेंड्यावरच्या लोकरीत तांबडी रेती अडकली होती. चिमट्याने लोकर विस्कटली तर आतून तिळाएवढ्या गोगलगाईचा रिकामा शंख निघाला.

ती स्टुलावर बसली. जरा वेळाने उठून दुसऱ्या बाकाकडे गेली. तिथे तिची स्वतःची जुनी रोपं होती, तिने बोटाच्या पेराएवढी असल्यापासून नाही, टाचणीच्या डोक्याएवढी असल्यापासून सांभाळलेली. त्यांच्या कुंड्यांत पाट्या नव्हत्या.

धाकटा संध्याकाळी आला. बंदरावर लोकांचा माल सोडवून द्यायचं काम तो करायचा. तोंडात साखर, खिशात सगळ्यांचे नंबर. थोरली लग्न होऊन ह्या घरात आली तेव्हा तो शाळेत होता. त्याचं गणित तिने घेतलं होतं, पहिल्या मुलाखतीला जातानाचा शर्ट तिने इस्त्री करून दिला होता.

"वहिनी, नात कशी आहे? कुणावर गेलीय?"

"भाऊजी, वर ती झाडं कुणाची?"

"चहा तरी घेऊ द्या."

"घ्या की. घेता घेता सांगा."

तो हसला. सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या. कमरेचं हाड मोडल्यापासून त्यांचा दिवस तिथेच जायचा, रस्त्यावरचं येणंजाणं बघत. धाकटी ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"एका मित्राची आहेत. घर बदलतोय तो. म्हटलं, आमच्या वहिनींइतकं कुणाला जमणार? थोडे दिवस राहू द्या."

"मित्राच्या झाडांना माझ्या पाट्या कशा?"

धाकटीने नळ मोठा सोडला आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला घेतली. धाकट्याने कप खाली ठेवला. "वर जाऊन बोलू," तो म्हणाला.

गच्चीवर मात्र त्याने आडपडदा ठेवला नाही. "हे बघा, आता ती निघालीत जमिनीतून. मी काढली नाहीत, तुम्ही काढली नाहीत. कुठून आली तेसुद्धा मला कुणी सांगितलेलं नाही. परत नेऊन लावायची म्हटलं तर कुठे लावणार? तुम्ही सांभाळलीत तर जगतील, नाहीतर मरतील. उलट जीव वाचवताय तुम्ही."

"आणि विकायची माझ्या नावाने."

"तुमच्या नावाला किंमत आहे, वहिनी. इतकी वर्षं नुसती पडून होती."

"मी कळवीन."

"कुणाला?" त्याने आवाज चढवला नाही. लहानपणी गणित चुकल्यावर जसा पाहायचा तसाच पाहत तो म्हणाला, "काचघर कुणाचं? परवाना कुणाच्या नावावर? पाट्यांवर अक्षर कुणाचं? मी साधा माल सोडवणारा माणूस. मला कोबी आणि गुलाब यातला फरक कळत नाही, विचारा हवं तर तुमच्या जावेला." जिन्याच्या दारात तो थांबला. "आणि आईला हे झेपेल का, तेवढं बघा."

थोरल्याचा फोन आला तेव्हा तिने सगळं सांगितलं. बोटीवरचा आवाज नेहमीसारखा तुटत होता.

"अहो, ऐकताय ना?"

"ऐकतोय. मी येईपर्यंत काही करू नकोस. घरातली गोष्ट आहे. मी येतो, त्याच्याशी बोलतो."

"तोपर्यंत त्यांनी विकली तर?"

"तू गप्प राहा एवढंच म्हणतोय मी. गप्प राहायला काय लागतं?"

काय लागतं ते तिला पुढच्या दिवसांत कळलं. तिची खरी पंचाईत झाडांनीच केली. कापलेली मुळं कुजत चालली होती. हात लावला नाही तर महिन्याभरात दोन्ही ट्रे मऊ पडले असते. आणि हात लावला, झाडं तगली, तर त्यांचा विकण्याजोगा माल होणार होता. ती दोन दिवस काचघरात गेलीच नाही. तिसऱ्या दिवशी गेली, तर दगडाचा ठसा असलेल्या झाडाची काळी कड बोटभर वर चढली होती. तिने लॅबमधली पातळ पाती उकळत्या पाण्यातून काढली आणि बसली. एकेका मुळाचं काळं कोरून काढायचं, आतलं पांढरं लागेपर्यंत. वर गंधकाची पूड. मग सावलीत कोरड्या खडीवर उघडंच ठेवून द्यायचं, जखम सुकेपर्यंत. हे करताना तिला स्वतःचाच राग येत होता. ज्या झाडाने इतके उन्हाळे काढले त्याला धाकट्यावरच्या रागापायी कुजू द्यायचं, हे तिला काही केल्या जमेना.

धाकटा रोज विचारायचा. जेवताना, जिन्यात, कधी खालूनच हाक मारून.

"मुळं धरली का, वहिनी?"

"नाही अजून."

"किती दिवस लागतील?"

"ती काय मेथी आहे?"

तो मान डोलवायचा. झाडातलं त्याला खरंच काही कळत नव्हतं, आणि तेवढी एकच फट तिला मिळाली होती. काहींना पांढरे कोवळे तंतू फुटले होते. तिने ते कुणाला सांगितलं नाही, झाडं पुन्हा खडीवर तशीच ठेवली. पण असं किती दिवस चालणार, ते तिलाही ठाऊक होतं. बाहेर पडायचं तर जिना खालच्या मजल्यावरूनच जात होता. सासूबाई खुर्चीतून बघायच्या, धाकटी दार लोटून घ्यायची. लॅबमध्ये तिने एका म्हाताऱ्याच्या कवळीत सुळा उलटा बसवला. मालकीण म्हणाली, "बाई, तुमच्याकडून हे?" थोरलीने मेण वितळवून पुन्हा सुरुवात केली. निवडुंगवाल्यांचे फोन यायचे, ह्या वर्षी रोपं आहेत का विचारायला. ती नाही म्हणायची आणि फोन ठेवायची. तिच्या स्वतःच्या रोपांना पाट्याच उरल्या नव्हत्या. काहींच्या काट्यांवरून, रंगावरून तिने आईबाप ओळखले, पण कित्येक रोपं अशी होती की ती कुणाची हे आता तिलाही छातीठोक सांगता आलं नसतं.

एका रविवारी सकाळी धाकटा पाहुण्यांना घेऊन आला. न कळवता. नवरा-बायको होते, दोघंही केस पिकलेले. बायको जनावरांची डॉक्टर होती आणि निवडुंगांचं वेड तिलाच होतं. नवरा नुसता पिशवी धरायला आल्यासारखा मागे उभा होता. डॉक्टरीणबाईंनी आल्या आल्या फोन काढून फोटो दाखवले. "ओळखलंत? तुमची आहेत. प्रदर्शनात घेतली होती, वाटाण्याएवढी होती. आता बघा."

थोरलीने बघितलं. वाटाण्याची सुपारी झाली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं.

सासूबाईंना त्या दिवशी उन्हात बसवायचं म्हणून धाकट्याने उचलून गच्चीवर आणलं होतं. आता तो त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभा होता.

डॉक्टरीणबाई खडीवरच्या झाडांपाशी आल्या आणि बोलायच्या थांबल्या. खूप वेळ वाकून बघत राहिल्या. मग सरळ झाल्या.

"एवढी मोठी मी कुणाकडे पाहिली नाहीत. हीसुद्धा तुम्ही बियांपासून केलीत?"

थोरलीने वर पाहिलं. धाकट्याचा हात खुर्चीवर तसाच होता. सासूबाई तिच्याकडे नाही, भिंतीकडे बघत होत्या.

"हो," थोरली म्हणाली.

"आणि ह्याला काय झालं? एका बाजूने चपटं आहे."

"दगडाला टेकून वाढलंय."

"कुंडीत?"

"शोभेचा दगड ठेवला होता," धाकटा मधेच म्हणाला. "वहिनींना हौस भारी."

डॉक्टरीणबाईंनी तेच झाड पसंत केलं. मुळं धरली की न्यायचं ठरलं. निघताना त्यांनी थोरलीचे दोन्ही हात हातात घेतले. "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून तिकडे डोंगरावर काहीतरी शिल्लक राहतंय," त्या म्हणाल्या. त्या मनापासून बोलत होत्या. थोरलीला हात सोडवून घ्यावेसे वाटले, आणि सोडवून घेणंही जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती लॅबला निघाली ती लॅबला गेलीच नाही. कवळी ठेवायच्या डब्यात कापूस घालून तिने ते चपटं झाड ठेवलं होतं. वनखात्याच्या ऑफिसात दुर्मिळ झाडांचं काम बघणारी एक अधिकारी बाई होती. थोरलीने डबा तिच्या टेबलावर उघडला. डबा बघून त्या बाईला आधी वाटलं होतं, चुकून दात घेऊन आली.

थोरली बोलत गेली. अधिकारी बाईने मध्ये एकदाच थांबवलं.

"परवाना तुमच्या नावावर आहे. पाट्या तुमच्या आहेत. काल तुम्ही स्वतः एका गिऱ्हाईकाला सांगितलंत की ही बियांपासून केलीत. हे सगळं लिहून घेतलं की पहिलं नाव तुमचं येईल, कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय. लिहा."

"इथे येताय हे घरात बोललात?"

"बोलले असते तर इथपर्यंत आले नसते."

त्याच दुपारी गाडी आली. थोरलीला वाटलं होतं, दोन ट्रे नेतील. ती पुढे होऊन दाखवायला लागली, ही बाहेरची, ही माझी. अधिकारी बाई तिला बाजूला घेऊन म्हणाली, "तुम्ही ओळखता हो. मीही थोडंफार ओळखते. पण ह्या बाकावरच्या कुंड्यांना पाट्या नाहीत, त्या बाकावर चुकीच्या पाट्या आहेत. कोर्टात काय सांगू? सगळंच न्यावं लागेल."

सगळंच नेलं. बटणाएवढी, नखाएवढी, टाचणीच्या डोक्याएवढी, पेरून ठेवलेल्या बियांचे झाकलेले डबेसुद्धा. माणसं जिन्यावरून ट्रे उतरवत होती आणि थोरली प्रत्येकाला सांगत होती, सरळ धरा, तिरकं नको. सासूबाई खुर्चीतून बघत होत्या. धाकटी आत रडत होती. धाकट्याला बंदरावरूनच ताब्यात घेतलं होतं. रिकाम्या काचघरात बाकांवर कुंड्यांचे गोल गोल डाग तेवढे राहिले.

गुन्ह्याच्या नोंदीत आरोपी नंबर एक थोरली होती, नंबर दोन धाकटा. दोघांनाही जामीन मिळाला आणि दोघंही एकाच घरी परत आले. गाव सोडायचं नाही, ही जामिनाची अट. नातीला बघायला जायचं तर कोर्टाची परवानगी हवी होती, आणि ती परवानगी मिळेना. लेक फोनवर बाळाला दाखवायची. बाळ पडद्यावरच्या आजीचं नाक धरायला हात पुढे करायचं.

लॅबच्या मालकिणीने काही दिवस घरीच राहा म्हणून सांगितलं. निवडुंगवाल्यांचे फोन बंद झाले. डॉक्टरीणबाईंचा एकदा आला. "तुम्ही मला हो म्हणालात," एवढंच त्या म्हणाल्या. थोरलीने ते नाकारलं नाही. कारण सांगायला ती तोंड उघडणार, तोवर पलीकडून फोन ठेवला होता.

धाकटा आता तिच्याशी बोलत नव्हता. जिन्यात भेटला की भिंतीला चिकटून तिला वाट द्यायचा, पूर्वीसारखीच अदब ठेवून. त्याचाच तिला जास्त त्रास व्हायचा. शिव्या दिल्या असत्या तर उत्तर तरी देता आलं असतं.

थोरला आला तो वाळलेला, गप्प. दोन दिवस खाली आईजवळ बसून राहिला. मग रात्रीचं जेवण झाल्यावर ताट बाजूला सारत म्हणाला, "जबाब मागे घेता येतो, वकील म्हणाला. एका छताखाली राहायचं आणि एकमेकांविरुद्ध साक्ष द्यायची, हे कसं दिसतं?"

"मी माझ्याविरुद्धसुद्धा देणार आहे."

"मी थांब म्हणालो होतो."

"तुम्ही बोटीवर होतात. मी इथे होते. मी हो म्हणाले त्या बाईंना, तुमच्या आईसमोर. ते 'हो' मला गिळवत नाही."

थोरल्याने ताट पुन्हा पुढे ओढलं, पण जेवण संपलेलं होतं. सुटी संपल्यावर तो परत गेला. जाताना काचघराच्या दोन फुटक्या काचा बदलून गेला. रिकाम्या काचघराच्या.

त्यानंतर सासूबाईंनी तिला एकदा हाक मारली. धाकटी बाजारात गेली होती.

"इथे बस जरा. पाय दाब."

थोरली बसली. म्हातारी म्हणाली, "ती खोकी आली तेव्हा तू लेकीकडे होतीस. मी ह्याच खुर्चीत होते. त्याने स्वतः उचलून वर नेली. पाट्या बदलायला दुसरं कुणी नव्हतं, तोच जाऊन बसला होता दिवसभर वर."

थोरलीचे हात थांबले.

"दाब तू. माझा जबाब कुणी घेतला नाही."

"घेतील कदाचित, आई."

"विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. ह्या वयात नाही." त्या रस्त्याकडे बघत राहिल्या. "पण कुणी विचारू नये, असं वाटतं मला."

पुढच्याच तारखेला अधिकारी बाईने थोरलीला बाजूला घेतलं. तिच्या मनात थोरलीबद्दल ओलावा होता, पण कागदावर ओलावा दाखवता येत नव्हता. "तुम्ही गावाला असताना माल आला, हे सांगणारं कुणी मिळालं तर तुमचं नाव वरून खाली येईल. कदाचित निघेलसुद्धा. घरात त्या वेळी कोण होतं?"

थोरलीचं उत्तर तयार होतं. जिभेवर होतं.

"जाऊ होती. तिला विचारून झालंय तुमचं."

"आणि सासूबाई?"

"त्यांचं वय झालंय," थोरली म्हणाली. "त्यांना नका विचारू."

अधिकारी बाईने तिच्याकडे जरा रोखून पाहिलं. "तुमचा तोटा आहे यात."

"असू दे."

खटला अजून चालू आहे. झाडं सरकारी वनस्पती उद्यानाच्या मागच्या बाजूला, जाळीच्या एका लांब खोलीत ठेवली आहेत. दारावर मुद्देमाल असं लिहिलेलं आहे. पहिल्या महिन्यात तिथल्या माळ्याने भाजीसारखं पाणी घातलं आणि बरीचशी रोपं गेली. तेव्हा अधिकारी बाईने वर लिहून, खेटे घालून, थोरलीला रोज सकाळी आत जायची परवानगी मिळवली. आरोपीलाच मुद्देमाल सांभाळायला दिला म्हणून ऑफिसात सगळे हसले. एक अट मात्र होती. थोरली आत असेल तोवर दाराला बाहेरून कुलूप, आणि बाहेर पहारेकरी.

तेव्हापासून ती रोज जाते. आत शिरली की मागे कडी वाजते, कुलूप लागतं. पहिले काही दिवस त्या आवाजाने तिचे खांदे आखडायचे.

गेल्या पावसाळ्यानंतर जमिनीतून काढलेल्या झाडांपैकी सात-आठ झाडांना एकदमच कळ्या आल्या. ही जात स्वतःच्याच परागाने बी धरत नाही, दोन वेगवेगळी झाडं लागतात, आणि टेकडीवर आता दोन झाडं जवळजवळ सापडणंच कठीण झालेलं. इथे ती एकाच ट्रेमध्ये होती. थोरलीने अधिकारी बाईला सांगितलं, बी धरू द्या, रोपं करू द्या, ज्यांना हवीत त्यांना पाटीसकट वाटू द्या. बाजारात रोपं मुबलक झाली की कुदळ घेऊन कोण जाईल? अधिकारी बाई म्हणाली, मुद्देमालाला पिल्लं झाली तर ती कुणाची, ह्यावर आधी वरून मत मागवावं लागेल. मत काही आलं नाही. फुलं मात्र आली. मत येईपर्यंत ती थांबणार नव्हती, भर उन्हात उमलायची आणि दोन दिवसांत मिटायची.

मग अधिकारी बाईने एका दुपारी कुलूप उघडून दिलं आणि म्हणाली, "मला काही माहीत नाही. तुम्ही साफसफाई करताय."

मागे नेहमीसारखं कुलूप लागलं. थोरलीने कवळीचा ब्रश काढला. दगडाचा ठसा असलेल्या झाडाचं फूल सगळ्यांत उशिरा उघडलं, गुलाबी, जवळजवळ झाडाएवढं. त्यातले पिवळे कण तिने ब्रशवर घेतले आणि शेजारच्या फुलात टेकवले. मग त्याचे ह्याच्यात. एकेक करत ती ट्रेच्या टोकापर्यंत गेली. जाळीतून ऊन पाठीवर येत होतं. शेवटचं फूल झाल्यावर तिने ब्रश पुसला, पिशवी उचलली आणि दाराशी येऊन जाळी वाजवली.

कुणी आलं नाही. पहारेकऱ्याचं स्टूल रिकामं होतं, स्टुलावर त्याची टोपी तेवढी होती. तिने हाक मारली, पुन्हा मारली. लांब कुठेतरी पाण्याचा पंप चालू होता, त्यात तिचा आवाज विरून गेला. काही वेळ ती जाळीला बोटं अडकवून उभी राहिली. तहान लागली होती. घरी सासूबाईंना औषध द्यायची वेळ टळत होती.

मग तिने पिशवी खाली ठेवली, पालथं घमेलं ओढून त्यावर बसली आणि आपल्या बिनपाटीच्या रोपांचा ट्रे मांडीवर घेतला. दोन कुंड्यांमध्ये बारीक तण उगवलं होतं. ते ती चिमट्याने उपटायला लागली.